वार पाळणारा चोर

आप्पा गेल्यानंतर भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरली, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि मग ठाण्यातून फोन आला. हवालदार नागराज बोलत होता. माझे वडील गेल्याचं वाईट वाटलं, हे त्यानं आधी नीट सांगितलं, दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "मग आक्का, ती बंदूक कधी आणून देता?"

परवाना आप्पांच्या नावावर होता. माणूस गेला की परवाना संपतो, आणि परवाना संपला की बंदूक घरात ठेवणं गुन्हा. आईला हे पटेना.

"त्येंची म्हस ठेवली तर चालती, आणि बंदूक ठेवली तर गुन्हा? म्हस जास्त मारती."

आमचं घर गावाबाहेर, मळ्यात. खानापूरच्या बाजूला जंगल जिथं संपतं तिथं आमची रताळी सुरू होतात, आणि ही गोष्ट रानडुकरांना आमच्याइतकीच ठाऊक आहे. पीक राखायला म्हणून आप्पांनी तरुणपणी ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढला होता. नळीत दारू भरायची, छर्रे घालायचे, गजानं ठासायचं, टोपी बसवायची, मग नेम धरायचा. एवढं होईपर्यंत डुक्कर पोटभर खाऊन, पोरांसाठी थोडी उकरून, जंगलात परत गेलेलं असायचं. आप्पांनी ती बंदूक आयुष्यात एकदाच उडवली. डुक्कर वाचलं. शेजारच्या भरमाच्या शेतातलं बुजगावणं गेलं. भरमानं भरपाई म्हणून आप्पांचा एक जुना सदरा मागून नेला आणि नव्या बुजगावण्याला घातला. तेव्हापासून ते बुजगावणं लांबून आप्पांसारखं दिसतं. अजून दिसतं.

बाकीचा काळ बंदूक ठाण्यातच असायची. निवडणूक लागली की परवानेवाल्यांनी हत्यार जमा करायचं असा नियम, आणि आमच्याकडे निवडणुकांना तोटा नाही. लोकसभा, विधानसभा, तालुका पंचायत, ग्रामपंचायत. मध्येच कुणी राजीनामा दिला की पोटनिवडणूक. एकदा अशाच पोटनिवडणुकीत दसरा आला. आप्पा खंडेनवमीला नारळ आणि झेंडूची माळ घेऊन ठाण्यात गेले. तिथंही आयुधपूजा चाललेली. सरकारी रायफलींच्या रांगेत शेवटी आमची ठासणीची ठेवून आप्पांनी तिला हळदकुंकू लावलं. ठाण्यातल्या लोकांनी त्यांना चिरमुरे आणि पेढे दिले. नागराजची आणि त्यांची मैत्री तिथली.

मी बेळगावात टिळकवाडीत राहते, कॉलेजात इतिहास शिकवते. फ्लॅटमध्ये एक खोली आईसाठी रिकामी करून ठेवली होती. मळ्यात ती एकटी राहणार, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. आप्पांच्या मागे आता ही तरी माझ्या डोळ्यांसमोर असावी, एवढंच मला हवं होतं. आईला नेमकं तेच नको होतं.

"बंदूक हाय की घरात," ती म्हणायची.

"ती आता ठाण्यात द्यायची आहे."

"मग माझ्या नावावर करून घेतो. असं कर मंजू, लायसन मिळालं तर मी हितं ऱ्हातो. न्हाय मिळालं तर तुझ्या फ्लॅटात येतो. बोल."

आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'करतो, येतो' असंच बोलतात. शर्त मी लगेच कबूल केली. कर्नाटक सरकार माझ्या आईला बंदूक देणार नाही याची मला खात्री होती. तिची खोली मी त्याच आठवड्यात रंगवून घेतली.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट झाली. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. त्यामुळे ठाण्यात गेलो ते तीन कामं घेऊन. बंदूक द्यायची, अर्ज द्यायचा आणि तक्रारही द्यायची.

फौजदार नवे होते, हुबळीकडून बदलून आलेले, वयानं माझ्याहून लहान. मराठी बरी बोलायचे. तक्रार ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अज्जी, केबल केबल म्हणून रोज कुणीतरी येतं इथं. प्रत्येक विहिरीवर एकेक पोलीस बसवू का मी? तेवढी माणसं कुठं आहेत? नागरिकांची पण जबाबदारी असते. आपली राखण आपण करायची. कुत्रं पाळा."

"कुत्रं हाय. त्ये म्हशीला भितंय."

"मग कॅमेरा बसवा."

"चोरानं कॅमेराच न्हेला तर? त्येच्यावर ध्यान ठेवाय आणि एक कॅमेरा?"

कपाटाशी उभा असलेला नागराज भिंतीकडे तोंड करून खोकला.

"म्हणून म्हणतो साहेब," आई म्हणाली, "बंदूक माझ्या नावावर करा. आपली राखण आपण करतो."

फौजदार सावरून बसले. "बंदूक कशाला अज्जी? कायदा हातात घ्यायचा नसतो. आम्ही आहोत की."

आईनं ठाण्यातल्या सगळ्यांकडे एकदा सावकाश पाहिलं. "साहेब, काय तरी एक ठरवा. तुमी हाय का न्हाय? असला तर केबल हुडका. नसला तर बंदूक द्या."

फौजदारांनी अर्ज ठेवून घेतला. पाहणी करू, अहवाल वर पाठवू, म्हणाले. ते पाहणीला आलेही. बाजेवर बसून त्यांनी उकडलेली रताळी खाल्ली, दाराची कडी हलवून बघितली आणि विचारलं, "तुमचं कुणाशी वैर आहे का अज्जी?"

"जावंशी हुतं. ती वारली."

"बंदूक चालवता येते?"

"येती की. मी अजून कुणाचं बुजगावणं मारलं न्हाय."

त्यांना ते कळलं नाही. मला हसू आलं, आणि हसल्याबद्दल दिवसभर चुकल्यासारखं वाटत राहिलं.

चैत्र आला. आमच्या देवीची यात्रा वैशाखात असते आणि त्याआधीचे मंगळवार गाव 'वार' पाळतं. म्हणजे त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत शेतात लोखंड चालवायचं नाही. मातीत कुदळ घालायची नाही, विळ्यानं गवत कापायचं नाही. काही कापायचं नाही, काही उकरायचं नाही. शिकलेली पोरंही पाळतात. बेळगावात नोकरीला जाणारी तर जास्तच पाळतात. त्यांना त्या दिवशी तसंही शेतात काम नसतं.

माझ्या कॉलेजच्या परीक्षा संपल्या होत्या, मी मळ्यात आले होते. वाराच्या एका मंगळवारी सकाळी आई विहिरीकडे फिरून आली आणि मला म्हणाली, "चल, गंमत दावतो."

चोरी झाल्यावर आम्ही नवी केबल आणून मीटरच्या पेटीपासून बांधाच्या कडेकडेनं मोठा वळसा घालून विहिरीपर्यंत जमिनीत पुरली होती. ती पूर्ण उकरून वर काढलेली होती. कुणीतरी तिची मधली सगळी लांबी करंजाच्या झाडाखाली गोल गुंडाळून, वर पाचोळा टाकून ठेवली होती. पण दोन्ही टोकं जागच्या जागी. एक पेटीत, एक मोटारीत.

"तोडायचीच राहिली की," मी म्हणाले.

"राहिली न्हाय. उकरता उकरता उजाडलं त्येला. उजाडलं म्हंजे वार लागला. आता कापून कसं चालंल?" आईनं वेटोळ्याकडे कौतुकानं पाहिलं. "गावातलाच हाय. बुधवारी उजाडलं की येतोय बघ."

"आपण आत्ताच परत पुरून टाकू."

"वार हाय, मंजू."

"मग घरात ओढून नेऊ."

"दोन्हीकडनं बांधल्याली हाय. तोडल्याबिगर कशी येईल?"

म्हणजे चोर आणि मालकीण, दोघांनीही बुधवारची वाट बघायची होती. मी इतिहास शिकवते. तहाची, युद्धबंदीची बरीच कलमं मला पाठ आहेत. इतकं काटेकोर पाळलेलं एकही आठवेना. मी आईला बसमध्ये घालून ठाण्यात घेऊन गेले.

फौजदार घाईत होते. कुणीतरी मंत्री येणार होते, सगळी माणसं बंदोबस्ताला लागली होती. तरी त्यांनी ऐकून घेतलं.

"उद्या चोर येणार आहे? टाइम पण सांगून गेलाय का?"

"उजाडल्यावर."

"चोर वार पाळतो?"

"पाळणारच की. साहेब, चोरी येगळी, देवी येगळी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेली बाई आहे, हिला तरी काही सांगता येईल, असं ते पाहणं होतं. "मॅडम, ती केबल तुम्हीच पुरून टाका ना आज."

"आज माती उकरता येत नाही," मी म्हणाले.

फौजदारांनी पाणी मागवलं. प्यायले. मग थकलेल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, उद्या माझ्याकडे एक पण माणूस नाही, खरं सांगतो. सावध राहा. काही झालं तर फोन करा."

"म्हंजे झाल्यावर," आई म्हणाली.

दाराबाहेर नागराज आमच्या मागोमाग आला. "आज्जी, माझी रात्रीची ड्युटी आहे. सकाळी सुटलो की तसाच येतो बघा." आणि जरा थांबून, "आप्पांच्या बंदुकीला मी तेल लावतो मधनं मधनं. गंज येत न्हाई."

बसमध्ये मी आईला म्हटलं, "आता तरी कपडे भर. बघितलंस ना, कुणी येत नाही."

"लायसनचा निकाल लागू दे. शर्त म्हंजे शर्त."

बुधवारी तांबडं फुटता फुटता आम्ही विहिरीवर जाऊन बसलो. आईनं बरोबर चहाची किटली आणि कप घेतले होते. मी बेळगावच्या दुकानातून विकत आणलेला मिरचीचा फवारा घेतला होता. पर्समध्ये मावेल एवढी लाल बाटली, वर झाकण, दाबलं की मिरचीचं पाणी समोरच्याच्या डोळ्यांत. आईनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"घरात मिरची हाय की. इकत कशाला आणलीस?"

"लांबून मारता येतं."

"चोर लांबनं चोरी करतोय व्हय?"

सूर्य डोंगरावर आला आणि उसाच्या कडेनं पाचोळा वाजला. मी उठले, झाकण काढलं, हात लांब केला आणि दाबलं. वारा कुठून येतोय हे बघायला हवं होतं, ते कुठल्याच पुस्तकात माझ्या वाचनात आलेलं नव्हतं. फवारा जसा गेला तसा परत आला, सगळा माझ्या तोंडावर.

मी मटकन खाली बसले. डोळ्यांत निखारे. पुढचं काही वेळ मी फक्त ऐकलं.

"मालुआक्का, हिला काय झालं?" हा भरमाचा आवाज होता. आमचा शेजारी, बुजगावणेवाला.

"मिरची गेली डोळ्यांत. ये रं भरमा. चहा घे."

"आगुदर पाणी घाला तिच्या डोळ्यांवर! चहा काय घिऊन बसलाय!" पक्कड दगडावर पडल्याचा आवाज आला. मग विहिरीत बादली गेल्याचा. केबल चोरायला आलेल्या माणसानं माझं डोकं धरून, पोरीचं तोंड धुवावं तसं माझं तोंड धुतलं. "डोळं उघड. उघड गं. चोळू नगंस."

आप्पा गेल्यापासून मी रडले नव्हते. लोकांना चहा देणं, दाखले काढणं, बँकेत सह्या करणं, सगळं नीट केलं होतं. सगळे म्हणाले होते, मंजुश्री धीराची. आता डोळ्यांना एक कारण मिळालं होतं आणि ते आटपत नव्हते. आग कमी झाली तरी पाणी येतच राहिलं. आई माझ्या पाठीवर हात ठेवून होती.

"वाहू दे," ती भरमाला म्हणाली. "मिरची हाय. तिला टाइम लागतोय."

भरमा उकिडवा बसला. मला तो धूसर दिसत होता. गुडघ्याशी रिकामं पोतं, दगडावर पक्कड.

"मी आपलं असंच," तो म्हणाला. "केबल वर दिसली म्हणून बघाय आलतो."

"पक्कड घिऊन?"

"सायकलीची चेन..."

"सायकल कुठाय?"

भरमानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाला, "आक्का, माझी केबल गेली पाडव्याच्या आगुदर. मिरची वाळाय लागली शेतात. ठाण्यात गेलतो. साहेब म्हणालं, आपलं आपण बघायचं." त्यानं मान खाली घातली. "मग बघितलं."

"माझं बघितलंस?"

"तुमची लांबीला बराबर हुती."

आईच्या तोंडून हसू फुटलं ते तिनं पदरात दाबलं. "आणि माझी आगुदरची? तीबी तूच?"

"देवीशपत न्हाय! ती रवळूनं न्हेली."

"रवळूनं? त्येला काय कमी?"

"त्येची गेलती की. त्येची आणि माझी, दोनीबी खालच्या आळीतल्या ज्योतिबानं न्हेल्या म्हणं, त्येची हीर लांब हाय. ज्योतिबाची मातर खरोखरचा चोर घिऊन गेला, भाईरचा. गेल्या साली वारादिवशी न्हेली ती."

"म्हंजे भाईरचाच," आई म्हणाली.

माझ्या लक्षात आलं, की गावात एकच चोरी झाली होती. बाकी सगळे आपापली राखण करत होते.

तेवढ्यात मोटारसायकल आली. रात्रपाळीचे लाल डोळे घेऊन नागराज उतरला. त्यानं सगळं एका नजरेत पाहिलं. मी रडतेय, आई हसतेय, वेटोळं, पोतं, पक्कड, भरमा. भरमानं पोतं हळूच पायाखाली ओढलं. ठाण्यात नेलं तर काय होतं हे त्याला माहीत होतं, आणि नागराजला तर होतंच.

"हा कोण?" नागराजनं विचारलं.

"शेजारी. केबल पुराय आलाय," आई म्हणाली. "एकटी बाई मी, मला कुठं जमतंय?"

"पक्कडीनं पुरतात?"

"आमच्याकडं तशीच रीत हाय."

नागराजनं टोपी काढून दगडावर ठेवली. "बघा री," तो म्हणाला, "मी आता ड्युटीवर नाही. ड्युटीवर असतो तर विचारलं असतं." आणि त्यानं चहासाठी हात पुढे केला.

भरमा घाईघाईनं कुदळ आणायला पळाला. नागराज चहा पिऊन झाल्यावर आईशेजारी बसला. चेहऱ्यावरून वाटलं, ह्याला काहीतरी सांगायचंय आणि नकोसं झालंय.

"आज्जी, साहेबांनी अहवाल पाठवला काल. परवान्याला नाही म्हणून लिहिलं."

मी डोळे पुसले. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते झालं होतं. रंगवलेली खोली डोळ्यांपुढे आली. तिच्यात आई बसलेली मात्र काही केल्या दिसेना.

"का म्हणं?" आईनं विचारलं.

"कारण लिहावं लागतं. साहेबांनी लिहिलं, अर्जदार बाईला कुणापासून कसलाही धोका नाही. समक्ष पाहणी करून खात्री केली आहे."

"आणि एकदा सांग."

नागराजनं पुन्हा सांगितलं.

आई माझ्याकडे वळली. "ऐकलंस मंजू? सरकारनं सोता येऊन खात्री केलीया. मला कसलाबी धोका न्हाय."

"आई, परवाना मिळाला नाही. तू शर्त हरलीस."

"हरलो. येतो की. बोललो म्हंजे येतो." ती किटलीतला उरलेला चहा माझ्या कपात ओतू लागली. "पर मला कशाला न्हेतीस त्ये सांग. हितं धोका हाय म्हणूनच न्हवं? मग फौजदार खोटं बोलतोय म्हणून तू लिहून दे. शिकलेली हाईस. दे लिहून, आणि चल, आता जाऊया."

मी नागराजकडे पाहिलं. तो टोपीची कड न्याहाळत होता.

"फोन उचलायचा," मी शेवटी म्हणाले. "रोज. पहिल्या रिंगला."

"दुसऱ्या. पहिलीला कुठं ठेवलाय तेच कळत न्हाय."

"आणि महिन्यातनं चार दिवस माझ्याकडे."

"वार सोडून," आई म्हणाली आणि उठली, कारण भरमा कुदळ घेऊन आला होता आणि जुन्याच चरात वरवर माती ओढत होता.

ती चराच्या कडेला जाऊन उभी राहिली. "ए भरमा! खोल घे, खोल. एवढ्याशा मातीत पुरलीस तर कुणीबी न्हेईल."

भरमानं घाम पुसला. "कोण न्हेणार आक्का? मी तर हितंच हाय."